फ्रीझरमधलं हरीण

“आणि तो माणूस तुला काय म्हणणार आहे? ‘बाईसाहेब, तुम्ही सावकाश गोळी चढवून घ्या, तोवर मी कुंपणाला टेकून उभा राहतो,’ असं?”

व्हर्लिनने ओव्हनमधला गरम पाव मोडला आणि सॉसेजच्या पांढऱ्या रश्शात बुडवला. भांडताना त्याचं खाणं कधी अडत नसे.

“त्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. तुला तर म्हणणार नाहीये,” ओलेटा शेगडीपाशी उभी राहून म्हणाली.

“डोरिसचं काय झालं ते पाहिलंस ना? दोन दात गेले बाईचे. तिच्या पर्समध्ये पिस्तूल नव्हतं का? होतं. तुझ्यासारखंच. रिकामं.”

“रिकामं नव्हतं. मुठीतलं मॅगझिन गोळ्यांनी भरलेलं होतं.”

“त्यातली गोळी वर नळीच्या चेंबरमध्ये चढवलेली नसेल तर ते रिकामंच. हातोडी आहे ती, ओलेटा. आणि हातोडीच हवी असेल तर शेडमध्ये चार पडल्यात. त्यातली एक घाल पर्समध्ये, तेवढंच वजन कमी होईल.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टॅमरा हसली. वडिलांच्या विनोदाला ती नेहमीच हसायची, लहान होती तेव्हापासून.

ओलेटा आणि डोरिस दोघी ज्येष्ठ नागरिक केंद्रातर्फे डोंगरातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना दुपारचं गरम जेवण पोचवायच्या. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या त्या भागात घरं एकमेकांपासून मैलभर लांब, रस्ते खडीचे, आणि दरीत उतरलं की फोनही मुका. मागच्या आठवड्यात अशाच एका फाटकापाशी नशेतल्या एका पोराने पर्ससाठी डोरिसच्या तोंडावर ठोसा मारला होता. तेव्हापासून व्हर्लिनला दुसरा विषय नव्हता.

तो उठला. एका हातात पावाची परात घेतली, दुसऱ्या हातात ओलेटाची पर्स. “हे बघ. या हातात जेवणाचं खोकं. या हातात पर्स. आता मला सांग, पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचून गोळी चढवायला तिसरा हात कुठून आणणार? कॅटलॉगमधून मागवणार?”

“खोकं टाकेन खाली.”

“तू? तू मिसेस ॲबरनॅथीचं जेवण मातीत टाकशील? पुलावरून पाणी जात होतं तेव्हा तिचं सूप घेऊन पलीकडे गेलेली बाई तू!”

ते खरं होतं. व्हर्लिनच्या बोलण्यात असं मधूनच काहीतरी खरं निघायचं, आणि मग बाकीचंही खरंच असणार असं ऐकणाऱ्याला वाटायचं.

“मॉमा, मी एक बोलू?” टॅमराने कप खाली ठेवला. “भरलेलं की रिकामं, हे तुम्ही दोघं ठरवा. पण तुझ्या पर्समध्ये ते असताना माझी जोसी तुझ्या गाडीत बसणार नाही. सोमवारपासून माझी कामाची पाळी बदलतेय. तिला बालवाडीतून डॅडी आणतील.”

“डॅडींच्या कमरेला काय असतं? चमचा?”

“डॅडींची गोष्ट वेगळी आहे.”

“काय वेगळी?”

“आता बोलायला लावू नकोस.”

“नाही, बोल ना.”

“डॅडींनी कधी घरात गोळी झाडली नाही,” टॅमरा म्हणाली.

शेगडीवर रस्सा भांड्याला लागायला लागला होता. ओलेटाने आच बंद केली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटलीतला शेवटचा रस्सा पावाच्या तुकड्याने पुसत होता. अगदी मन लावून, कडेकडेने.

“सांग की तिला,” ओलेटा म्हणाली.

“काय सांगू?” त्याने मान वर केली नाही. “पोर चुकीचं काय बोलली? आई आहे ती, तिला काळजी वाटणारच. तू असं कर, शनिवारी वर्गाला येऊन बस. पहिल्यापासून शीक सगळं. गोळी चढवून बाळगायची, चामड्याच्या म्यानात बाळगायची, आणि घाबरायचं नाही. मग टॅमराही काही म्हणणार नाही. काय गं?”

“मग बघू,” टॅमरा म्हणाली.

टेबलाखाली जोसी आपले प्लॅस्टिकचे घोडे दूध-पोह्यांच्या वाडग्यात पोहायला सोडत होती. तिला चौथं सरून पाचवं लागलं होतं.

---

ओलेटा वाढली ती बंदुकांच्या घरातच. पण त्या बंदुका वेगळ्या होत्या, असं तिला अलीकडे वाटायचं. तिच्या वडिलांच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे तीन रायफली उभ्या असायच्या, झाडू उभा असावा तशा. खारी, टर्की, हरणं. जे मिळेल ते ताटात यायचं. बापाचा कायदा एकच होता. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत येणार नाही. पोर्चच्या कठड्यावर कॉफीचा एक लाल पत्र्याचा डबा असायचा. शिकारीहून आलेल्याने बूट काढायच्या आधी काडतुसं काढायची आणि त्या डब्यात टाकायची. टण्ण, टण्ण. आई आत रश्शाचं भांडं ढवळत तो आवाज मोजायची आणि तेवढी माणसं आली असं समजून ताटल्या मांडायची. एकदा तिचा धाकटा काका विसरला आणि तसाच आत आला. बापाने त्याला मारलं नाही, ओरडलाही नाही. त्याची ताटली उचलून बाहेर कुत्र्यापुढे ठेवली. काका परत कधी विसरला नाही.

व्हर्लिन स्ट्राउड त्याच दरीतला. त्याच्याशी लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तो पशुखाद्याच्या गिरणीत कामाला होता, हसरा होता, नाचायचा बरा. बंदुकीचं त्याला वेड वगैरे काही नव्हतं. हरणाच्या मोसमात सगळे जातात म्हणून तोही जायचा. त्याच्यापेक्षा तिचा नेम चांगला होता, आणि तेव्हा तो ते चारचौघांत सांगायचा.

मग गिरणी बंद पडली. पंचावन्नाव्या वर्षी माणूस घरी बसला. पहिले काही महिने तो सकाळी उठून गिरणीचीच टोपी घालून पोर्चवर बसायचा. ओलेटा जेवण पोचवायच्या कामाला जाताना त्याच्याकडे बघायची नाही, कारण बघितलं की त्यालाच लाज वाटायची. पुढे कुणीतरी त्याला पिस्तूल बाळगण्याचं प्रशिक्षण देणाऱ्यांच्या शिबिरात नेलं. तिथून तो प्रमाणपत्र घेऊन आला, चौकट करून दिवाणखान्यात लावलं. चर्चच्या तळघरात शनिवारचा वर्ग ठरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक त्याला मिस्टर स्ट्राउड म्हणायला लागले. त्याच्या तोंडात नवी भाषा आली. सावध राहणं, संकट, वाईट माणूस. पूर्वी दरीत वाईट माणसाला नाव असायचं आणि तो कुणाचा तरी मेव्हणा असायचा. आता तो नुसताच वाईट माणूस झाला, आणि कुठेही असू शकत होता.

पहिल्या वर्गाला आठवडा उरला होता तेव्हाची गोष्ट. व्हर्लिन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नवं पिस्तूल साफ करायला बसला होता. ओलेटा ओट्यापाशी पावाचं पीठ मळत होती. आवाज झाला तेव्हा तिला वाटलं ओव्हनचा गॅस फुटला. मग भिंतीत बोटाएवढं भोक दिसलं. त्या भिंतीपलीकडे कपडे धुण्याची खोली होती आणि तिथे मोठा फ्रीझर होता. गोळी फ्रीझरच्या पत्र्यातून जाऊन हरणाच्या मांसाच्या पुड्यांत रुतली होती.

त्याचं काय चुकलं ते तिला तिथल्या तिथे कळलं. आधी मॅगझिन काढायचं, मग वरचा भाग मागे खेचायचा, म्हणजे चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि पिस्तूल रिकामं होतं. त्याने आधी खेचलं, मग मॅगझिन काढलं. खेचल्याबरोबर एक गोळी बाहेर पडली खरी, पण मॅगझिनमधली दुसरी आपोआप तिच्या जागी चढली. बाहेर पडलेली गोळी बघून माणसाला वाटतं, झालं. त्याच्या पिस्तुलाचे भाग सुटे करायला चाप एकदा ओढावाच लागायचा. त्याने ओढला.

शेजारचा हार्लन नेमका तेव्हा अंगणाशीच आलेला होता, तो धावत आला. व्हर्लिन पोर्चवर गेला आणि ओलेटाने हात पुसायच्या आत त्याचे शब्द तिच्या कानावर पडले. “काही नाही रे. ओलेटाच्या हातून सुटली.”

हार्लनने जाळीच्या दारातून आत पाहिलं. ओलेटाचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, “होतं असं, ओलेटा. वाईट वाटून घेऊ नकोस.”

तिने पुन्हा पिठात मुठी घातल्या. त्या रात्री व्हर्लिन पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, “लोकांना कळलं तर वर्गाला कोण येईल? मी परत त्या पोर्चवर बसू का?” आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने दिवा मालवला.

वाटलं होतं, चार दिवसांत विसरतील. पण गोष्ट चांगली होती. लोक चांगली गोष्ट सोडत नाहीत. ‘ओलेटाने मेलेलं हरीण दुसऱ्यांदा मारलं.’ किराणा दुकानात ऐकू यायची, चर्चच्या जेवणात ऐकू यायची. नोव्हेंबरात शिकारीचा मोसम उघडला की कुणीतरी हटकून विचारायचं, “काय ओलेटा, यंदा रानात की फ्रीझरमध्ये?” ती हसायची. बारा वर्षं हसली. टॅमरा तेव्हा स्प्रिंगफील्डला राहायची. तिला फोनवर हा विनोदच पोचला, बाकी काही नाही.

तेव्हापासून ओलेटाने स्वतःच्या पिस्तुलात गोळी कधी चढवून ठेवली नाही. लोक म्हणायचे, बाई घाबरली, साहजिक आहे. आणि व्हर्लिनही तेच म्हणायचा. खरं कारण सांगायचं तर हे होतं की जगातला सगळ्यात सावध म्हणवणारा माणूस तिने डोळ्यांसमोर चुकताना पाहिला होता. पण ते सांगता येत नव्हतं. तिच्या बाजूने एकच पुरावा होता आणि तो तिनेच नवऱ्याला देऊन टाकला होता.

पिस्तूल बाळगायचंच कशाला, हेही टॅमराने विचारून झालं होतं. त्याचंही उत्तर होतं. दोन वर्षांपूर्वी पाइक दरीत एका म्हाताऱ्याचा थोराड नातू तिच्या गाडीमागे येऊन उभा राहिला होता आणि हटेना. नुसता हसत होता. तिने पर्समध्ये हात घातला आणि तसाच ठेवला, बाहेर काही काढलं नाही. थोड्या वेळाने तो बाजूला झाला. हे तिने घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या शनिवारी वर्गात त्याचा धडा झाला असता.

एप्रिलमध्ये घटस्फोट घेऊन टॅमरा पोरीसह परत आली. राहायला खोली हवी होती. व्हर्लिनने फ्रीझर शेडमध्ये हलवला, कपडे धुण्याचं यंत्र मागच्या पडवीत नेलं, आणि त्या खोलीत जोसीचा पलंग लावला. भिंतीतलं भोक कधीच लांबीने बुजवलेलं होतं. रंग देताना ओलेटा म्हणाली, “हीच खोली?” तो म्हणाला, “मग दुसरी कुठली आहे?” दुसरी नव्हती. जोसीने बरोबर त्या जागेवर घोड्याचं चित्र चिकटवलं.

---

शनिवारी ओलेटा दरवेळसारखे डोनट घेऊन तळघरात गेली. फरक इतकाच की डोनट ठेवून घरी परतायच्या ऐवजी ती पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीवर बसली. शेजारी नुकत्याच विधवा झालेल्या मिसेस प्रुइट होत्या. मागे एक तरुण जोडपं, दोघंतिघं निवृत्त पुरुष, आणि ट्रक चालवणारी एक बाई. टॅमरा जोसीला रविवारच्या शाळेच्या खोलीत खेळायला सोडून मागे भिंतीला टेकून उभी होती. आईचा निकाल बघायला आल्यासारखी.

व्हर्लिन छान शिकवायचा. ते ओलेटालाही कबूल करावं लागायचं. आवाज खालचा, घाई नाही, मध्ये मध्ये हशा.

“मॅगझिन आधी,” त्याने नारंगी प्लॅस्टिकचं पिस्तूल उंच धरलं. “सगळ्यांनी म्हणा.”

“मॅगझिन आधी,” वर्ग म्हणाला.

“मग खेचा. मग डोळ्यांनी बघा. मग करंगळीने चाचपा. माझी नातसुद्धा सांगेल.”

एका निवृत्त गृहस्थाने हात वर केला. “मिस्टर स्ट्राउड, माझी बायको म्हणते चेंबर रिकामाच ठेवा. लागेल तेव्हा चढवा.”

“तुमची बायको आणि माझी बायको बहिणी असणार,” व्हर्लिन म्हणाला. हशा झाला. “हे बघा साहेब, तुम्ही गाडीचा पट्टा कधी लावता? टक्कर दिसल्यावर? वाईट माणूस तुम्हाला दोन सेकंद देत नाही. घाबरलेल्या माणसाची बोटं लोण्यासारखी होतात. दुसरा हात मोडलेला असेल, दाराला धरलेला असेल, पोराला धरलेला असेल. गोळी वर असली तर पिस्तूल, नाही तर पेपरवेट.” मग तो थांबला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. ओलेटाला ते हसू ओळखीचं होतं. तिने मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरला. “आता भीती म्हणाल, तर भीती कशाची असते? आपल्याच हाताची. आज ती इथे आहे म्हणून सांगतो, तिची परवानगी आहे. आमच्या घरात एक हरीण दोनदा मेलंय...”

सगळी गोष्ट झाली. नवीन माणसं पोट धरून हसली. फ्रीझरच्या पत्र्यातून कसं पाणी ठिबकत होतं, हा भाग त्याने दोन वर्षांपूर्वी घातला होता. त्यातलं काहीच खरं नव्हतं. मिसेस प्रुइटनी ओलेटाच्या हातावर थोपटलं. “तू परत शिकायला आलीस, हेच मोठं आहे बाई.”

“ये पुढे, ओलेटा,” व्हर्लिन म्हणाला. “दाखव सगळ्यांना.”

ती पुढे गेली. नारंगी पिस्तूल घेतलं. मॅगझिन काढलं, खेचलं, पाहिलं, चाचपलं. चौथीतल्या मुलीने फळ्यापाशी पाढे म्हणावेत तसं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. भिंतीपाशी टॅमराही टाळ्या वाजवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. आजारातून उठलेल्या माणसाचं करतात तसलं कौतुक. ओलेटाला टाळ्यांपेक्षा ते जास्त लागलं.

गाडीत टॅमरा म्हणाली, “छान केलंस मॉमा. अजून एक-दोन वर्ग कर. मग जोसीचं बघू.”

“कधी?”

“बघू म्हटलं ना.”

---

संध्याकाळी ओलेटा टेबलाच्या एका बाजूला शेंगा मोडत बसली होती. समोरच्या खुर्चीवर बसून व्हर्लिनने टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, तेलाची बाटली ठेवली, कमरेचं पिस्तूल काढलं. वर्ग झाला की त्याच दिवशी साफ करायचं, हा त्याचा शिरस्ता होता. आज तो खुशीत होता. ट्रकवाली बाई आणखी दोघींना घेऊन येणार होती.

“ती म्हणाली, मिस्टर स्ट्राउड, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, बाई...”

बोलता बोलता त्याने वरचा भाग खेचला. एक गोळी बाहेर उडाली, वर्तमानपत्रावर घरंगळत मिठाच्या बाटलीला लागून थांबली.

“...मी म्हटलं, बाई, सोपं असतंच. लोकच अवघड करतात.” त्याने मॅगझिन काढलं आणि बाजूला ठेवलं.

ओलेटाच्या हातातली शेंग तशीच राहिली. पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे होतं. भिंतीपलीकडे जोसी आपल्या घोड्यांना झोपवत होती. गाणं ऐकू येत होतं, अर्धे शब्द गिळलेलं.

व्हर्लिनचं बोट चापाकडे निघालं.

“व्हर्लिन. बोट काढ.”

ती ओरडली नाही. वडिलांनी काकाची ताटली उचलली होती तेव्हा त्यांचा आवाज असाच होता. व्हर्लिनचं बोट थांबलं.

“काय झालं?”

“बोट काढ आणि तोंड जमिनीकडे कर.”

“आज एक दिवस वर्गात बसलीस काय, मला शिकवायला लागलीस! रिकामं आहे हे. मॅगझिन ते बघ तिथे, गोळी ती बघ तिथे.”

“मग खेच. रिकामं आहे तर खेचून दाखव.”

“तुझं समाधान होऊ दे बाई एकदाचं.” त्याने हसत, मान हलवत, पिस्तूल जमिनीकडे धरलं आणि खेचलं.

दुसरी गोळी उडाली आणि शेंगांच्या टोपलीत पडली.

दोघांनी टोपलीत पाहिलं. व्हर्लिनच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. पलीकडे गाणं चालूच होतं.

“काय पडलं?” टॅमरा कामाचे कपडे घालून दारात आली. तिने टेबल पाहिलं, बापाचा चेहरा पाहिला. “डॅडी?”

व्हर्लिनने घसा साफ केला. “काही नाही. तुझी आई मध्येच बोलते. काम चाललेलं असताना लक्ष घालवते. हिची ही जुनी...” पुढचा शब्द त्याच्या तोंडातच राहिला, कारण ओलेटाने शेंगांमध्ये हात घालून गोळी वर काढली होती आणि ती टॅमरापुढे धरली होती.

“हिला मी बारा वर्षं ओळखते,” ती म्हणाली. “फ्रीझरला लागली ती हिचीच बहीण. याच टेबलावरून, याच खुर्चीतून. हात तुझ्या बापाचा होता. माझे हात पिठात होते.”

“डॅडी, खरंय हे?”

“इतक्या वर्षांनी जुनं काय उकरायचं...” व्हर्लिन म्हणाला. “कुणाला लागलं तर नाही ना. तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. तुझ्या आईला विचार, तिला मान्य होतं.”

टॅमरा खुर्चीवर बसली. ओलेटाला वाटलं, आता ती बापाला काहीतरी बोलेल. पण टॅमरा तिच्याकडे वळली.

“आणि तू गप्प बसलीस? पलंग लावताना तू इथेच होतीस ना मॉमा? रंगाचा डबा तुझ्या हातात होता. कुठल्या भिंतीमागे माझी पोर झोपतेय हे तुला माहीत होतं. आणि रोज हे इथे बसतात, हेही माहीत होतं.”

“होतं.”

“मी तुझ्या पर्सला भीत होते!”

“हो.”

“मग कुणाची लाज राखत होतीस? यांची?”

ओलेटाने शेंगांची टोपली बाजूला सरकवली. यांचीच राखली होती, आणि ती राखता राखता त्या लाजेवर एक प्रमाणपत्र टांगलं गेलं, एक वर्ग भरला, एक विनोद पोसला गेला. पोरगी ओरडली ते बरोबर होतं. इतक्या वर्षांत या घरात कुणीतरी तिला पहिल्यांदाच काही बरोबर बोललं होतं, आणि तेही शिव्या घातल्यासारखं.

“हे बघा,” व्हर्लिन दोघींकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज वर्गातला झाला होता. “घरातली गोष्ट घरात राहू दे. मी यापुढे शेडमध्ये साफ करत जाईन. झालं? वर्गाची माणसं माझ्यावर विश्वास ठेवून येतात. त्यांचा विचार करा.”

ओलेटा उठली. मागच्या पडवीत गेली. कपडे धुण्याच्या यंत्रावर वडिलांचा लाल डबा होता, कडेने गंजलेला, चिमटे भरलेला. तिने चिमटे बादलीत ओतले. डबा आणून टेबलावर ठेवला आणि हातातली गोळी त्यात टाकली. मिठाच्या बाटलीपाशी पडलेली दुसरीही टाकली. मग पर्समधून आपलं पिस्तूल काढलं, मॅगझिन वेगळं केलं, खेचलं. काही पडलं नाही. करंगळीने चाचपलं आणि सगळं परत पर्समध्ये ठेवलं.

पलीकडचं गाणं थांबलं होतं. जोसी घोडा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. “जेवण झालं का तयार?”

“होतंय,” ओलेटा म्हणाली. मग तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि वाण्याला सामान सांगावं तसं सांगितलं:

“उद्यापासून हा डबा पोर्चच्या कठड्यावर राहील. घरात पाय ठेवायच्या आधी गोळी त्यात. ज्याला चढवलेलीच हवी, त्याचं ताट शेडमध्ये येईल. माझं पिस्तूल माझ्या पर्समध्ये राहील, चेंबर रिकामा, आणि सोमवारी जोसीला मी आणणार. आणि शनिवारी डोनट घेऊन मी येणारच आहे, व्हर्लिन. हरणाची गोष्ट मी सांगणार.”